मधुमेहींसाठी मध : समज आणि वस्तुस्थिती

मधुमेहाचे निदान झाले की घरातील साखरेचा डबा मागे सरकतो आणि त्याच्या जागी अनेकदा मधाची बाटली येते. चहा बिनसाखरेचा होतो; पण सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून त्यात मध घालण्याचा परिपाठ चालूच राहतो. साखर कारखान्यातून येते आणि मध पोळ्यातून, म्हणून पहिली घातक व दुसरा निरुपद्रवी, असा हा हिशेब. त्यात भर म्हणून आता प्रोपोलिसच्या गोळ्या, रॉयल जेलीच्या कुप्या आणि परागकणांचे डबेही 'साखर आटोक्यात ठेवतात' अशा आश्वासनासह विकले जातात. मधमाशीच्या या उत्पादनांचा रक्तातील साखरेवर प्रत्यक्षात काय परिणाम होतो, याचा शास्त्रीय अभ्यास गेल्या दोन दशकांत बऱ्यापैकी झाला आहे. त्याचे निष्कर्ष जाहिरातींइतके गोड नाहीत. तसेच काही डॉक्टर सांगतात तितके कडूही नाहीत.

हा प्रश्न थोड्यांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के आढळले. दिवसाकाठी दोन-तीन चमचे मध 'औषध म्हणून' पोटात जात असेल, तर या सर्वांच्या दृष्टीने तो चवीचा नव्हे, उपचाराचा विषय ठरतो.

नावातच मध

मध आणि मधुमेह यांचे नाते शब्दापासूनच सुरू होते. लघवीला मधासारखा गोडवा येतो म्हणून हा 'मधुमेह'. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या आकृष्ट होतात, हे लक्षण चरकसंहितेत नोंदलेले आहे. गंमत अशी, की त्याच परंपरेत प्रमेहावरील अनेक काढे आणि चूर्णे मधाबरोबर घेण्यास सांगितली आहेत. आयुर्वेदाने मधाचे प्रकार मानले. चरकाने चार, तर सुश्रुताने आठ. नवा मध शरीर पुष्ट करणारा आणि जुना मध 'लेखन' करणारा, म्हणजे मेद खरवडून काढणारा, असा भेदही केला. 'आयुर्वेदात मधुमेहींना मध चालतो' या सर्रास ऐकू येणाऱ्या विधानाचे मूळ येथे आहे. मात्र तेथे मध हे बहुधा अनुपान आहे, म्हणजे कडू-तुरट औषध पोटात पोचविण्याचे वाहन. त्याची मात्रा ठरलेली, जोडीला आहाराची कडक पथ्ये आणि व्यायाम. पावावर पसरून खाण्याच्या मधाला हा दाखला लागू करणे म्हणजे ग्रंथातील अर्धेच वाक्य वाचण्यासारखे आहे.

चमच्यात नेमके काय असते?

शंभर ग्रॅम मधात साधारणपणे १७ ग्रॅम पाणी, ३८ ग्रॅम फ्रुक्टोज आणि ३१ ग्रॅम ग्लुकोज असते. उरलेल्या भागात माल्टोजसारख्या अन्य शर्करा, थोडी उसाच्या साखरेतील शर्करा म्हणजे सुक्रोज, सेंद्रिय आम्ले, विकरे, खनिजे आणि वनस्पतींकडून आलेली फ्लॅव्होनॉइड वर्गातील द्रव्ये येतात. 'मधात दोनशे घटक असतात' असे कौतुकाने सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु वजनाने पाहता त्यातील सुमारे ८० टक्के भाग शर्करेचाच असतो आणि रक्तातील साखर वाढवायला तेवढे पुरेसे होते.

चमच्याचा हिशेबही अनेकांना चकवतो. चहाच्या चमच्यात साखर साधारण ४ ग्रॅम मावते. मध घट्ट आणि जड असल्यामुळे त्याच चमच्यात ७ ग्रॅम मावतो. एका चमचा साखरेतून १६ किलोकॅलरी मिळतात, तर एका चमचा मधातून सुमारे २१. म्हणजे चमच्याला चमचा या न्यायाने बदल केल्यास कर्बोदके कमी न होता वाढतात. मधाचा गोडवा साखरेपेक्षा किंचित तीव्र असल्याने तो कमी घालावा लागतो, हा युक्तिवाद खरा. पण तो प्रत्यक्षात कमी घातला तरच.

मग मध आणि साखर यांत काहीच फरक नाही काय? आहे, आणि तो फ्रुक्टोजमुळे आहे. ग्लुकोज आतड्यातून थेट रक्तात उतरते आणि साखर चढते. फ्रुक्टोज मात्र आधी यकृतात जाते. त्याचा रक्तशर्करेवर तात्काळ परिणाम थोडा होतो. कोणत्या पदार्थाने साखर किती वेगाने चढते हे सांगणारा 'ग्लायसेमिक इंडेक्स' हा निर्देशांक ग्लुकोजला १०० मानून काढला जातो. विविध चाचण्यांच्या सरासरीत साखरेचा निर्देशांक ६५, तर मधाचा ६१ च्या आसपास येतो. हा फरक नगण्य आहे. पण सरासरीच्या पोटात मोठी तफावत दडलेली आहे : काही मधांचा निर्देशांक तिशीत, तर काहींचा ऐंशीच्या घरात नोंदला गेला आहे. मधमाशी कोणत्या फुलावर बसली, यावर ते अवलंबून असते. बाभळीच्या नात्यातील रोबिनिया या मूळच्या उत्तर अमेरिकी वृक्षाच्या मधात फ्रुक्टोज जास्त असते आणि त्याने साखर सावकाश चढते.

याची एक खूण डोळ्यांना दिसते. ज्या मधात ग्लुकोज अधिक तो लवकर रवाळ होतो. मोहरीच्या फुलांचा मध काही आठवड्यांतच तुपासारखा थिजतो. फ्रुक्टोज अधिक असलेला मध महिनोन् महिने पातळ राहतो. घरोघरी मात्र याचा अर्थ उलटा लावला जातो आणि रवाळ झालेला चांगला मध 'साखर घातलेला' म्हणून टाकून दिला जातो.

फ्रुक्टोज जास्त म्हणजे मधुमेहींना उत्तम, असाही निष्कर्ष काढता येत नाही. यकृतावर त्याचा मारा अधिक झाला की तेथे त्याची चरबी होते, रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढतात आणि यकृत मेदयुक्त होण्याचा धोका वाढतो. टाइप २ मधुमेहाच्या कितीतरी रुग्णांत ही तक्रार आधीच असते.

चाचण्या काय सांगतात?

मधाच्या बाजूने सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचा आहे. तौसीफ खान आणि जॉन सीवनपायपर यांच्या गटाने १८ नियंत्रित चाचण्यांतील १,१०५ व्यक्तींची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दररोज साधारण ४० ग्रॅम मध सुमारे आठ आठवडे घेतलेल्यांत उपाशीपोटीची साखर, एकूण कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड कमी झाल्याचे त्यात दिसले. कच्चा, न तापविलेला आणि एकाच प्रकारच्या फुलांचा मध अधिक गुणकारी ठरला. बातम्यांचे मथळे येथेच थांबले. पुढचा तपशील असा, की या व्यक्ती बहुतांशी निरोगी होत्या आणि त्यांच्या एकूण आहारात साखरेचा वाटा आधीच मर्यादित होता. उपाशीपोटीच्या साखरेतील घट सरासरी प्रति डेसिलिटर ४ मिलिग्रॅमहूनही कमी होती आणि बहुतेक निष्कर्षांच्या पुराव्याची खात्री संशोधकांनी स्वतःच 'कमी' ठरविली. साखर न खाणाऱ्याने मध सुरू करावा, असा सल्ला त्यांनीही दिलेला नाही. जो साखर किंवा पाक खातोच त्याने त्याऐवजी मध वापरावा, एवढेच त्यांचे म्हणणे.

प्रत्यक्ष मधुमेहींवरील चाचण्या वेगळे चित्र दाखवतात. इराणमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४८ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला आठ आठवडे मध देण्यात आला. त्या गटाचे वजन घटले, कोलेस्टेरॉल सुधारले. परंतु 'एचबीए१सी' वाढले. मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारी ही चाचणी म्हणजे मधुमेहाच्या नियंत्रणाची खरी कसोटी. त्याच देशात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत दररोज ५० ग्रॅम मध दिला असता पुन्हा हेच घडले : एचबीए१सी वर गेले. पहिल्या चाचणीतील मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमपासून वाढवत अडीच ग्रॅमपर्यंत नेली होती, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला दीडशे ग्रॅमपर्यंत. इतका मध कोणीच खात नाही, हे खरे. पण दुसऱ्या चाचणीतील ५० ग्रॅम म्हणजे चहाचे जेमतेम सात चमचे, आणि सकाळचे लिंबूपाणी, दुपारचे ताक-सरबत व रात्रीचे दूध मिळून अनेक घरांत तो आकडा गाठला जातो.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१५ मध्ये सरळ तुलनाच केली. ५५ व्यक्तींना, ज्यांपैकी निम्म्यांची साखर पचविण्याची क्षमता आधीच बिघडलेली होती, मध, साखर आणि मक्याचा पाक यांतून दररोज ५० ग्रॅम कर्बोदके प्रत्येकी दोन आठवडे दिली. तिन्हींचा परिणाम सारखाच निघाला आणि तिन्हींनी ट्रायग्लिसराइड वाढविले.

या साऱ्यांत वरकरणी दिसणारा विरोध तसा नाही. साखर काढून तेवढाच मध घेतला तर थोडा लाभ संभवतो. आहार तसाच ठेवून वर मध घेतला तर ती साखरेतील भर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूत्रांत मधाला साखरेच्याच रांगेत बसविले आहे. अशा 'मुक्त शर्करे'चा वाटा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्य तर ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे प्रौढासाठी सुमारे २५ ग्रॅम असावा, असे ती सुचविते. ही मर्यादा निरोगी माणसाची आहे, हे मधुमेहींनी लक्षात घ्यावयाचे.

जांभळाचा मध

महाराष्ट्रात या विषयाला एक खास स्थानिक पदर आहे. महाबळेश्वरच्या डोंगरपट्ट्यात मधमाशीपालनाची जुनी परंपरा असून जवळच्या मांघरला २०२२ मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला. या पट्ट्यात जांभूळ, हिरडा आणि काही वर्षांच्या अंतराने फुलणारी कारवी यांचा मध मिळतो. त्यातील जांभळाचा गडद, किंचित तुरट मध 'मधुमेहींसाठी खास' म्हणून विकला जातो आणि पर्यटक तो आवर्जून घेतात. जांभूळ मधुमेहावर चांगले, म्हणून त्याचा मधही चांगला, ही त्यामागील साखळी.

या साखळीतील कडी निसटते ती येथे : परंपरेने मधुमेहावर वापरली जाते ती जांभळाच्या बीची पूड, आणि मधमाशी गोळा करते तो फुलातील मकरंद. मकरंद म्हणजे प्रामुख्याने साखरेचे पाणी. बीमधील द्रव्ये त्यात उतरतात आणि रुग्णाची साखर कमी करतात, असे दाखविणारा विश्वसनीय पुरावा पुढे आलेला नाही. जांभळाचा मध चवीला उत्कृष्ट असतो आणि तो घेण्यास तेवढे कारण पुरे आहे.

बाटलीत मधच आहे का?

आतापर्यंतची सर्व चर्चा बाटलीत मध आहे असे गृहीत धरून झाली. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडच्या मधाच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा ७७ टक्के नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचे तिने म्हटले. देशातील नेहमीच्या चाचण्या बहुतेक मोठ्या ब्रँडनी पार केल्या होत्या. जर्मनीतील प्रयोगशाळेत झालेल्या न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स चाचणीत मात्र त्यांतील बरेच अडकले. संबंधित कंपन्यांनी हे निष्कर्ष फेटाळले. वाद त्यांचा, मधुमेहींच्या दृष्टीने मुद्दा असा, की भेसळीसाठी वापरला जाणारा तांदळाचा पाक मुख्यतः ग्लुकोज आणि माल्टोज यांचा बनलेला असतो. तो रक्तातील साखर मधापेक्षा वेगाने चढवतो. फ्रुक्टोजमुळे मिळणारा जो काही थोडा लाभ, तोही अशा बाटलीत उरत नाही.

पाण्यात थेंब सोडून पाहणे, कापसाच्या वातीला मध लावून पेटविणे असे घरगुती प्रयोग या आधुनिक भेसळीपुढे निरुपयोगी आहेत. योग्य घट्टपणाचा पाक या साऱ्या परीक्षांत उत्तीर्ण होतो.

प्रोपोलिस, रॉयल जेली आणि बाकीचे

मधुमेहाच्या संदर्भात मधाहून अधिक कुतूहल वाटावे असा पदार्थ म्हणजे प्रोपोलिस. झाडांच्या कळ्यांवरील आणि सालीवरील राळ गोळा करून मधमाश्या पोळ्यातील फटी त्याने बुजवतात आणि जंतूंपासून पोळ्याचे रक्षण करतात. त्यात शर्करा जवळजवळ नसते. फ्लॅव्होनॉइड आणि फिनॉलिक आम्ले भरपूर असतात. इराणमध्ये ६६ रुग्णांना दररोज ९०० मिलिग्रॅम प्रोपोलिस १२ आठवडे दिले असता उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी दोन्ही कमी झाले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये झालेल्या विश्लेषणात एचबीए१सीमधील घट सुमारे अर्धा टक्का आढळली. औषधाच्या मोजपट्टीवरही ही घट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. मात्र जपानमध्ये ८० रुग्णांना ब्राझीलचे हिरवे प्रोपोलिस कमी मात्रेत देऊन केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साखरेवर परिणाम दिसला नाही. मूत्रपिंडाचे कार्य खालावणे तेवढे रोखले गेल्याचे आढळले.

अडचण अशी, की प्रोपोलिस हा एक पदार्थच नव्हे. युरोपात ते पॉप्लर वृक्षाच्या राळेचे, ब्राझीलमध्ये एका झुडपाचे. घटक त्यानुसार बदलतात. महाराष्ट्रातील सातेरी जातीच्या माश्या तर प्रोपोलिस जवळपास गोळाच करीत नाहीत. त्यामुळे एका देशातील चाचणीचा निष्कर्ष दुसऱ्या देशातील गोळीवर चिकटविता येत नाही. चाचण्या लहान आहेत, अवधी दोन-तीन महिन्यांचा आहे आणि रुग्णांची नेहमीची औषधे त्या काळात चालूच होती. ती बंद करून कोणी बरा झाला, असे त्यांत कोठेही नाही.

रॉयल जेली, म्हणजेच राजान्न, हा राणीमाशीचा आहार. कामकरी माशी आणि राणी एकाच प्रकारच्या अंड्यातून जन्मतात. आहाराने त्यांचे भवितव्य बदलते, या आश्चर्यावरच त्याच्या जाहिराती उभ्या आहेत. इराणमधील ५० मधुमेही महिलांवरील चाचणीत (२०१४) दररोज एक ग्रॅम राजान्नाने उपाशीपोटीची साखर काहीशी उतरली. पुढे अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या असता हा परिणाम ठामपणे टिकला नाही. धोका मात्र निश्चित आहे. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांत राजान्नामुळे तीव्र प्रतिक्रिया, क्वचित मृत्यूही, झाल्याच्या नोंदी असून ऑस्ट्रेलियात वेष्टनावर तसा इशारा छापणे बंधनकारक आहे. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा प्रभाव त्याने वाढून रक्तस्राव झाल्याचेही नोंदले गेले आहे. मधुमेहाबरोबर हृदयविकाराची औषधे घेणाऱ्यांची संख्या पाहता ही गोष्ट किरकोळ नव्हे.

परागकणांबाबत मधुमेही रुग्णांवरील पुरावा नाममात्र आहे. मधमाशीच्या विषाबाबतचे दावे प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांवर आधारलेले आहेत. माश्यांचे डंख टोचून घेण्याच्या उपचारात स्पेनमधील ५५ वर्षांच्या एका महिलेचा मृत्यू झाल्याचे २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. तिने आधी दोन वर्षे तोच उपचार विनातक्रार घेतला होता.

जखमेवर आणि घाम फुटल्यावर

मधुमेहींच्या बाबतीत मधाचा एक उपयोग पोटातून नव्हे, त्वचेवरून आहे. मधातील पाण्याचे अल्प प्रमाण, आम्लता आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांमुळे जंतू वाढू शकत नाहीत. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या वैद्यकीय मधाच्या मलमपट्ट्या अमेरिकेत २००७ पासून उपलब्ध आहेत. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार काही भाजलेल्या जखमा मधाने लवकर भरतात. मधुमेहींच्या पायांवरील व्रणांबाबत मात्र पुरावा अपुरा आहे. स्वयंपाकघरातील मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, जखम दुखत नाही आणि घरगुती उपचारात गेलेला आठवडा कधी कधी बोट गमावण्यास पुरेसा ठरतो. पायाला जखम झालेल्या मधुमेहीने मधाचा विचार डॉक्टरांनी जखम पाहिल्यानंतर करावा.

दुसरा उपयोग निर्विवाद आहे. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरून घाम, थरथर, छातीत धडधड सुरू झाली, तर साधारण १५ ग्रॅम कर्बोदके तात्काळ द्यावयाची असतात. मोठा चमचाभर मध ते काम करतो. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही औषधे घेणाऱ्यांत तर तो साखरेपेक्षा उपयुक्त ठरतो. कारण ही औषधे साखरेचे विघटन लांबवतात, पण मधातील ग्लुकोज आधीच सुटे असते. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा तपासावे आणि आकडा ७० च्या वर आला नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात मध, साखर, पाणी काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवून विनाविलंब रुग्णालयात न्यावे.